बोटीचे बिऱ्हाड

बोट विकत घेण्याचा व्यवहार एका दिवसात उरकता येतो. ती ठेवायची कोठे, हा प्रश्न मात्र बोट असेपर्यंत सोबत राहतो. दुकान थाटताना मालाआधी जागा पाहावी, हे व्यापारी घराण्यांना सांगावयास नको. परंतु हौसेचा विषय निघाला की भले भले व्यवहारी लोक हा क्रम विसरतात. वाळकेश्वरला राहणाऱ्या एका कुटुंबाचे असेच झाले. मूळचे हे सांगलीचे, हळदीच्या व्यापारातले. मशीद बंदरची त्यांची पेढी पुढे तुर्भ्याच्या मसाला बाजारात गेली. दोघा भावांपैकी धाकट्याला समुद्राची ओढ. त्याने एक २६ फुटी मोटरबोट पसंत केली आणि विसारही दिला. तेव्हा थोरल्या भावाने एवढेच विचारले, “बांधणार कोठे?”

या प्रश्नाला आणखी एक पदर होता. घरातील आई ऐंशीच्या उंबरठ्यावर. लहानपणी कृष्णेच्या पात्रातून नावेत बसून पैलतीरी गेल्याची आठवण त्यांनी मुलांना अनेकदा सांगितलेली. बोटीची वार्ता ऐकून त्या म्हणाल्या, “मला नेणार असाल तर घ्या. धक्क्यावर बसून तुमची वाट पाहायला मी येणार नाही.” गुडघे दुखणाऱ्या वृद्ध स्त्रीला चढता-उतरता येईल अशी जागा शोधणे, हेच मग या शोधाचे खरे स्वरूप ठरले.

बोट ठेवण्याची आदर्श जागा कशी असते, हे त्यांनी प्रथम पाहिले ते कोचीला. मिरीच्या खरेदीनिमित्त मट्टनचेरीला या घराण्याचे जुने येणे-जाणे. तेथील गुजराती रस्ता, धर्मनाथ मंदिर, सुंठ-मिरीच्या वासाने भारलेल्या वखारी या त्यांच्या ओळखीच्या. पण खाडीपलीकडच्या बोलगट्टी बेटावर ते कधी उतरले नव्हते. डच लोकांनी १७४४ मध्ये बांधलेला प्रासाद तेथे आहे. पुढे तो ब्रिटिश रेसिडेंटाचे निवासस्थान झाला आणि आता तेथे केरळच्या पर्यटन महामंडळाचे हॉटेल चालते. त्याच्याच शेजारी २०१० मध्ये महामंडळाने मरीना उभारली. मरीना म्हणजे खासगी बोटींचा वाहनतळच म्हणा. पाण्यावर तरंगणारे लांबट धक्के, त्यांना काटकोनात फुटलेल्या बोटांसारख्या अरुंद पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एकेका बोटीची जागा. धक्के खांबांना कड्यांनी अडकवलेले असल्याने पाणी चढले की तेही चढतात, पाणी उतरले की तेही उतरतात. बोट आणि धक्का यांच्यातील उंचीचा फरक रात्रंदिवस तोच राहतो. पिण्याचे पाणी आणि वीज बोटीपाशीच मिळते. घराच्या उंबऱ्यावरून अंगणात पाऊल टाकावे तितक्या सहजतेने माणूस बोटीत जातो.

धाकटा हे पाहून हरखला. थोरल्याने मात्र पाण्याच्या कडेला भिंतीवर उमटलेली ओली रेघ निरखून पाहिली. कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, तोही उधाणाच्या दिवशी. शिवाय बेट खाडीच्या आत, खुल्या समुद्राच्या लाटांपासून आडोशाला. निसर्गाने अर्धे काम आधीच केलेले होते. मुंबईचे पाणी इतके सौम्य नाही.

मुंबईत अशा मरीनेचा विषय कित्येक वर्षे चर्चेत आहे; बोट घेणाऱ्याला मात्र आज असलेल्या जागांतूनच निवड करावी लागते. या कुटुंबापुढे अशा तीन जागा होत्या.

पहिली बेलापूरची खाडी. तुर्भ्याच्या पेढीपासून जवळ, आणि २०२२ मध्ये तेथून जलटॅक्सी सुरू झाल्यापासून धक्काही चांगला. आत वळलेली खाडी असल्यामुळे लाटांचा त्रास नाही. परंतु ओहोटीला दोन्ही काठांवर चिखल उघडा पडतो आणि खोल पाण्याची वाट अरुंद होते. अटल सेतूखालून बाहेर पडून मुंबई बंदराच्या मोकळ्या पाण्यात येईपर्यंत सुटीची अर्धी सकाळ सरते. खाडीकिनाऱ्याच्या दलदलीत हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी पाहणे हाच ज्यांचा छंद, त्यांच्यासाठी ही बाजू उत्तम. धाकट्याला हवा होता समुद्र.

दुसरी जागा मांडवा. गेटवेपासून लाँचने तासाभराचे अंतर. रस्त्याने अलिबागला जायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास. रो-रो सेवेसाठी मांडव्याला लाटा अडविणारा बांध घातला गेला, २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह जाण्याची सोय झाली, आणि त्या बाजूचे रूपच पालटले. बांधाच्या आडोशाला पाणी बरेच शांत असते. मात्र तोच बांध वाहत्या पाण्याला थोपवतो म्हणून गाळही साचतो, आणि तो वेळोवेळी उपसावा लागतो. अलिबाग परिसरात ज्यांचे घर आहे त्यांनी दुसरी जागा शोधूच नये. पण ज्यांचे घर वाळकेश्वरला आहे, त्यांना आपल्या बोटीत बसण्यासाठी आधी दुसऱ्याच्या बोटीत बसावे लागेल! थोरल्याने हे बोलून दाखविल्यावर जेवणाच्या पंक्तीत बराच वेळ हशा चालला होता, आणि मांडवा तेथेच मागे पडले.

उरले ते अपोलो बंदर, जुन्या मुंबईकरांचे पालवा बंदर. १९२४ मध्ये गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झाले. त्यापूर्वीपासून, १८४६ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या काळापासून, हौशी नावाड्यांची ही वस्ती. येथे बोट धक्क्याला बांधत नाहीत. समुद्रतळाशी जड वजन, त्याला साखळी, साखळीच्या वरच्या टोकाला तरंगणारा बोया, आणि बोयाला बोट. वारा आणि प्रवाह फिरेल तशी ती बोयाभोवती फिरत राहते. पाणी खोल असल्याने ओहोटीतही बोट चिखलात रुतत नाही, घरापासून पंधरा-वीस मिनिटांत धक्का गाठता येतो, आणि सकाळी निघाले तर घारापुरी तासाभराच्या आत. तोटा एकच, पण तो नेमका त्यांच्या अटीवर बोट ठेवणारा. पायऱ्या उतरायच्या, लहान होडीत बसायचे, होडीतून मोठ्या बोटीत चढायचे. त्यात प्रवासी लाँचेसची ये-जा सतत, म्हणून होडी क्षणभरही स्थिर नाही.

पौषातल्या एका रविवारी सकाळी सातला दोघे भाऊ आईला घेऊन जागा दाखवायला गेले. पौर्णिमा नुकतीच झालेली. पाणी इतके खाली गेले होते की एरवी न दिसणाऱ्या, शेवाळाने हिरव्यागार झालेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. आईंनी दोन पायऱ्या उतरून पाहिल्या, कठड्याला हात धरला, आणि काही न बोलता परत वळल्या. विसार सोडून द्यावा, असे धाकट्याच्या मनात आले ते त्याच दिवशी.

मार्ग दाखविला तो धक्क्यावरच्या एका वयस्क कोळी तांडेलाने. “आजींना चुकीच्या दिवशी आणलेत,” तो म्हणाला. “तिथी बघून यावं.”

तांडेलाचे गणित कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे; येणारा आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहाला. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या पुढे. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब स्थूल आहे, तासाभराचा फरक पडतो, आणि बोट बाहेर काढताना छापील भरती-कोष्टकच पाहावे. पण ज्या घरात दिवस उजाडताच तिथी पाहिली जाते, त्या घराला समुद्राचे अर्धे वेळापत्रक तोंडपाठच असते. फक्त ते आपल्याला पाठ आहे याची कल्पना नसते.

वेळेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट उंचीची. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते: अपोलो बंदराला भरतीचे पाणी सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला ०.८ मीटरपर्यंत उतरते. फरक ३.६ मीटरांचा, वीतभर उंचीच्या पायऱ्या धरल्या तर सोळा-सतरा पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पुन्हा बाहेर येतात. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत मात्र भांग असतो. तेव्हा भरती ३.३ मीटरांवर थांबते आणि ओहोटी १.९ मीटरांच्या खाली सहसा जात नाही. फरक अवघा १.४ मीटरांचा, म्हणजे सहा-सात पायऱ्यांचा. खालच्या निसरड्या पायऱ्या दिवसभर पाण्याखालीच राहतात. प्रवाहही मंद असतो, त्यामुळे होडी धरून ठेवणे सोपे जाते.

उधाण आणि भांग यांच्यात सुमारे सात दिवसांचे अंतर असल्याने एका रविवारी उधाण आले, तर पुढचा रविवार भांगाचा. थोरल्याने त्याच रात्री दिनदर्शिका काढून ऑक्टोबर ते मे असे आठ महिने तपासले. रविवार निघाले पस्तीसच्या आसपास. सण, लग्नकार्ये, बाजारातील हंगाम वजा जाता बोट कितीही जवळ ठेवली तरी पंधरा-सतरा फेऱ्यांवर जाणार नव्हती. म्हणजे भांगाच्या आगेमागे येणारे रविवार आईंना पुरेसे होते. उरलेले दोघा भावांनी हवे तर वापरावेत. जागा बदलण्याची गरज नव्हती. दिवस निवडायचा होता.

खर्चाची बाजूही त्याच कागदावर मांडली गेली. बोटीची किंमत एकदाच मोजायची असते. बोयाचे भाडे, तांडेलाचा पगार, विमा, महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणी, इंजिनाची देखभाल हे सर्व दरवर्षीचे. शिवाय मुंबईचे बंदर नैर्ऋत्येला उघडे असल्याने पावसाळ्यात लाटा सरळ आत येतात. गेटवेवरून सुटणाऱ्या मांडव्याच्या लाँचेसही त्या दिवसांत बंद असतात. म्हणून मेअखेरीस बोट पाण्याबाहेर काढून आच्छादून ठेवणे आले, आणि तिच्या तळाला रंग देणेही आले. खाऱ्या पाण्यात बोटीच्या तळाला कठीण कवचाचे बारीक जीव चिकटून वाढतात आणि तिची गती मंदावते. तांबेयुक्त रंग त्यांना मारतो. सिलिकॉनचा गुळगुळीत लेप त्यांना नुसते घट्ट बसू देत नाही. दुसरा महाग, आणि बोट वरचेवर चालती असेल तरच तो उपयोगी पडतो. थोरल्याने वहीत दुसऱ्यापुढे खूण केली. त्यावर घरात चर्चा झाली नाही. वर्षाचा एकूण खर्च फेऱ्यांच्या संख्येने भागला तेव्हा जो आकडा आला, तो पाहून धाकटा थोडा गप्प झाला. मात्र व्यवहार मोडण्याची भाषा कोणी केली नाही.

काही नियम तांडेलाने घालून दिले. हिवाळ्यात सकाळी वारा मंद असतो, दुपारनंतर वायव्येचा जोर धरतो. मांडव्याकडून परतताना तो समोरून येतो आणि पाण्याचे तुषार थेट अंगावर. म्हणून आजी बरोबर असतील तेव्हा घारापुरीच्या बाजूस जावे आणि लवकर फिरावे. मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट अंधारात दिसत नाहीत, तेव्हा सूर्यास्तापूर्वी बोट बोयाला लागलीच पाहिजे. ही अट या घराला वेगळी सांगावी लागली नाही. नौदलाची गोदी, जवाहर द्वीपाचा तेलतळ, तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राचा किनारा यांच्या जवळपास फिरकू नये. आणि लाइफ जॅकेट सर्वांनी, पोहता येणाऱ्यांनीही, धक्क्यावरच घालावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला याच पाण्यात अपघात होऊन माणसे दगावली, हे सांगताना तांडेलाचा आवाज खाली आला.

माघ वद्य दशमी रविवारी आली. नऊ वाजता पाणी हळूहळू उतरत होते. वरच्या कोरड्या पायऱ्या तेवढ्या उघड्या होत्या. आईंच्या सुती साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट विचित्र दिसत होते आणि त्यांना ते आवडलेले नव्हते. थोरला एका बाजूने, धाकटा दुसऱ्या बाजूने. तांडेल होडीत उभा राहून एका हाताने कडी धरून होता. एक लाँच जवळून गेली, तिच्या लाटा येऊन विरेपर्यंत त्याने सर्वांना थांबविले. मग म्हणाला, “आता टाका पाय, आजी.”

होडीत बसल्यावर त्यांनी प्रथम पाण्याला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. बोयापर्यंतचे अंतर पाच मिनिटांचे. मोटरबोटीच्या मागील बाजूस धाकट्याने दोन रुंद पायऱ्यांची शिडी मुद्दाम बसवून घेतली होती. तिच्यावरून त्या चढल्या, बाकावर बसल्या, आणि जॅकेटचा पट्टा सैल करू पाहताच तांडेलाने मान हलविली.

“किती वाजेपर्यंत परत यायचे?” त्यांनी विचारले.

“तीनला परत फिरू. तेव्हाही पायऱ्या इथंच असतील, आजी.”

“आणि पुढच्या रविवारी?”

“पुढच्या रविवारी नाही,” थोरला म्हणाला. “त्याच्या पुढच्या.”

आईंनी बोटांवर तिथ्या मोजल्या आणि मान डोलावली. धाकट्याने साखळी सोडली.