वेळेवर की वेळेत?

मुलांनो, 'वेळेवर' आणि 'वेळेत' या दोन शब्दांत फरक काय, असं कुणी विचारलं तर काय सांगाल? बोलताना आपण दोन्हींची खुशाल सरमिसळ करतो. आई एकदा म्हणते, "वेळेवर ये हं," आणि दुसऱ्यांदा म्हणते, "वेळेत ये हं." आपल्याला दोन्ही वेळा एकच गोष्ट कळते, की उशीर केला तर आपली धडगत नाही! पण इंग्रजीच्या तासाला हीच जोडी 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' अशी समोर येऊन उभी राहते, आणि मग निम्मा वर्ग डोकं खाजवायला लागतो.

मी बरीच वर्षं तुमच्याएवढ्या मुलांना इंग्रजी शिकवत आलो आहे. 'ही शब्दयोगी अव्ययं पाठ करून या' असं सांगणं फार सोपं असतं. मी ते सांगत नाही. पाठ केलेलं अव्यय परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी भुर्रकन उडून जातं, हा माझा अनुभव. त्यापेक्षा आपण पुणे स्टेशनवर जाऊ या.

पुण्याहून मुंबईला जाणारी डेक्कन क्वीन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ही गाडी पहिल्यांदा धावली १ जून १९३० रोजी. सकाळी तिची सुटायची वेळ सव्वासात. घड्याळात ७ वाजून १५ मिनिटं झाली आणि गाडी हलली, तर ती 'ऑन टाइम' सुटली. समजा, सात वाजताच सुटली तर? तेही 'ऑन टाइम' नाही बरं का! उलट फलाटावर काय हलकल्लोळ उडेल, विचारूच नका. म्हणजे 'ऑन टाइम'ला नेमकी एकच जागा असते. ना अलीकडे, ना पलीकडे.

आता तुमचं बघा. तुम्ही पावणेसातला आलात, वडा-पाव खाल्लात, पेपर चाळलात आणि गाडीत बसलात, तर तुम्ही 'इन टाइम' पोचलात. तुमचा मित्र सात चौदाला धापा टाकत आला आणि दारातल्या काकांनी त्याला हात देऊन आत ओढलं. (असं कधीही करू नका!) तोसुद्धा 'इन टाइम'च. 'इन टाइम'ला मागे हवी तेवढी मोकळी जागा असते, फक्त पुढे एक भिंत असते. भिंतीच्या अलीकडे असलात की झालं.

आणि गंमत म्हणजे आपल्या मराठीतले प्रत्यय हेच सांगतात. काट्यावर काटा बसावा तसं जे नेमक्या क्षणावर येऊन बसतं, ते वेळेवर. मुदतीच्या कुंपणाच्या आत जे आलं, ते वेळेत. गाडी वेळेवर सुटते, आगीचा बंब वेळेत पोचतो. बंबाला काही वेळापत्रक नसतं! पण सगळ्या महाराष्ट्राचं यावर एकमत आहे असं समजू नका. नागपूरकडचे लोक 'त्यानं मला वेळेवर सांगितलं' असं कुरकुरत म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ 'अगदी ऐनवेळी सांगितलं' असा असतो. सभेच्या नोटिशीत शेवटचा विषय कुठे 'आयत्या वेळचे विषय' असा लिहितात, तर कुठे 'वेळेवर येणारे विषय' असा. ते विषय वक्तशीर असतात म्हणून नव्हे, तर ऐनवेळी टपकतात म्हणून! भाषा ही अशी असते. म्हणून दुसऱ्याची भाषा शिकताना नुसता शब्दाला शब्द जोडून भागत नाही.

वक्तशीरला इंग्रजीत 'पंक्चुअल' म्हणतात हे तुम्हांला ठाऊक असेलच. त्याचं मूळ एका लॅटिन शब्दात आहे. त्याचा अर्थ टोचून पाडलेला ठिपका. त्याच घराण्यातलं 'पंक्चुएशन' म्हणजे विरामचिन्हं, आणि त्याच घराण्यातलं आपल्या सायकलचं 'पंक्चर'! शाळेला जाताना तिसऱ्या भावंडानं गाठलं, की पहिलं हातचं जातं. 'ऑन द डॉट' म्हणतात तोही ठिपकाच, घड्याळाच्या तबकडीवरचा. आपण मात्र म्हणतो 'दहाच्या ठोक्याला'. त्यांनी वेळ डोळ्यांनी पाहिली, आपण कानांनी ऐकली.

इथवर सगळं गमतीचं झालं. आता जरा जपून वाचा, कारण पुढचा शब्द फसवा आहे. तो म्हणजे आपला 'पर्यंत'.

'हे पुस्तक सोमवारपर्यंत ठेव' आणि 'हे पुस्तक सोमवारपर्यंत परत दे', ही दोन वाक्यं बघा. दोन्हींत 'सोमवारपर्यंत' आहे. पण पहिल्यात पुस्तक सोमवार उजाडेतो सगळे दिवस तुमच्याकडेच राहायचं आहे. दुसऱ्यात देण्याची क्रिया एकदाच व्हायची आहे. ती शुक्रवारी होईल, शनिवारी होईल, फार तर सोमवारी. आपल्याला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो, कारण क्रियापद आपल्याला सांभाळून घेतं. इंग्रजीत इथे दोन वेगळे शब्द लागतात. चालू राहणाऱ्या गोष्टीला 'टिल' किंवा 'अन्टिल', आणि एकदाच उरकायच्या गोष्टीला 'बाय'. पुस्तक ठेवायचं 'टिल मंडे', परत द्यायचं 'बाय मंडे'. माझ्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच, 'आय विल फिनिश माय होमवर्क टिल मंडे'. गृहपाठ संपवायची क्रिया सोमवारपर्यंत अखंड चालू ठेवणारा असा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे!

हसू नका. या छोट्या 'बाय'पायी आमच्या घरातल्या एका मुलीचं वर्ष गेलं आहे.

माझी मामेबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. १९८० सालच्या आसपासची गोष्ट. ताईला नर्स व्हायचं होतं. मुंबईच्या एका संस्थेचा फॉर्म तिनं मागवला. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की भरलेले अर्ज ३१ मेपर्यंत, 'बाय थर्टी-फर्स्ट मे', कार्यालयात पोचले पाहिजेत. गावातल्या जाणत्या माणसांनी ओळ वाचली, तारीख बघितली आणि सांगितलं, "एकतीसपर्यंत मुदत आहे." ते बरोबरच होतं. ताईनं दाखले जमवले, मामांनी तालुक्याला जाऊन २९ मेला अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला. दोन दिवस आधी! सगळे निश्चिंत.

जूनच्या मध्यावर अर्ज परत आला. मुदतीनंतर मिळाला, म्हणून.

मामा पोस्टाची पावती खिशात घालून एस.टी.नं मुंबईला गेले. पावतीवर २९ तारखेचा शिक्का स्पष्ट होता. तिथल्या कारकुनानं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि छापील ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "काका, इथे 'रीच' लिहिलंय. पाठवायचा नाही, पोचायचा." मामा काय बोलणार? त्यांनी पावतीची घडी घातली आणि परतीची गाडी धरली.

तारीख सगळ्यांनी वाचली होती, पण तारखेच्या अलीकडचं क्रियापद कुणी वाचलं नव्हतं. 'बाय' म्हणजे पर्यंत, हे खरं. पण कशापर्यंत, हे त्या क्रियापदाला विचारावं लागतं. कधी 'पाठवा' असतं, कधी 'पोचवा' असतं, कधी पोस्टाचा शिक्का त्या तारखेचा चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तीन वेगळ्या मुदती आहेत या.

एक वर्ष गेलं त्यात काय एवढं, असं तुम्हांला वाटेल. पण त्या काळी गावात मुलगी घरी बसलेली दिसली, की चार लोक स्थळं सांगायला येत. ताईला दोन स्थळं आली. मामीचा जीव खाली-वर. ताईनं मात्र 'पुढच्या मेपर्यंत थांबा' असं सांगितलं. (इथे 'टिल' हं, 'बाय' नव्हे. थांबायचं सगळं वर्षभर होतं.) दुसऱ्या वर्षी तिनं ८ मेलाच अर्ज धाडला, तोही पोचपावतीसह. सही होऊन ती पोचपावती परत घरी येईतो ती रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसायची. त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. पुढे सरकारी रुग्णालयांत नोकरी करून ती निवृत्त झाली.

फॉर्म भरताना आणखी एक जागा सांभाळा. 'ऑन ऑर बिफोर' ३१ म्हटलं, तर ३१ तारीख धरून. नुसतं 'बिफोर' ३१ म्हटलं, तर तुमचा शेवटचा दिवस ३०. मराठीतला '३१ च्या आत' हा असाच काटेकोर धरावा. शंका आली तर ३१ नाहीच असं समजावं आणि मोकळं व्हावं.

रोजच्या बोलण्यातही एक खड्डा आहे. आपण म्हणतो 'दहा मिनिटांत आलो'. म्हणजे दहाच्या आत केव्हाही. याचं भाषांतर तुम्ही 'इन टेन मिनिट्स' असं केलंत, तर इंग्रज माणूस समजतो, दहा मिनिटांनी येणार. तो तोवर चहा टाकेल! आपल्याला म्हणायचं असतं 'विदिन टेन मिनिट्स'. 'दहा मिनिटांत' आणि 'दहा मिनिटांनी' हा फरक आपण एका प्रत्ययात करतो, ते अव्यय बदलून करतात. (अर्थात आपल्याकडच्या 'दहा मिनिटांत'चा अर्धा तास होतो, पण तो दोष व्याकरणाचा नाही.)

मुदतीला इंग्रजीत 'डेडलाइन' म्हणतात. हा शब्द आता तुमच्याही तोंडी असतो, प्रोजेक्टची डेडलाइन वगैरे. शब्द कुठून आला ते ऐकून मला स्वतःला काही दिवस तो वापरवेना. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. भोवती उंच लाकडी तट, आणि तटाच्या आत काही फुटांवर एक साधं बुटकं कुंपण. त्या कुंपणाला म्हणत 'डेडलाइन'. कैद्यानं ते ओलांडलं, की वरचा पहारेकरी गोळी झाडे. जेमतेम चौदा महिने चाललेल्या या छावणीत सुमारे ४५ हजार कैदी येऊन गेले आणि त्यांतले जवळजवळ १३ हजार तिथेच मेले, बहुतेक भुकेनं आणि रोगानं. १९२० च्या सुमारास हा शब्द अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रुळला, आणि तिथून जगभर पसरला.

त्यामानानं 'इलेव्हन्थ अवर' बराच दयाळू आहे. अकरा वाजता असा त्याचा अर्थ नाही, बरं का. तो बायबलमधल्या एका गोष्टीतून आला आहे. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा तास धरत. म्हणजे अकरावा तास हा मावळतीच्या आधीचा, आपल्या संध्याकाळी पाचच्या सुमाराचा. द्राक्षमळ्याचा मालक त्या वेळी कामाला आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो, अशी ती गोष्ट आहे. आपण अशा वेळी म्हणतो 'अगदी शेवटच्या घटकेला'. घटका म्हणजे २४ मिनिटं. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली, की एक घटका झाली. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग त्या वाटीवरूनच आला. आणि 'इन द निक ऑफ टाइम'मधला 'निक' म्हणजे बारीक खाच. वेळेच्या खाचेत नेमकं जाऊन बसणं! अजून थोडा उशीर झाला असता तर सगळं संपलं असतं, अशा प्रसंगालाच तो वापरावा. भाजी करपण्यापूर्वी गॅस बंद केला, तर चालेल. मधल्या सुट्टीत डबा आणला, त्याला नको.

आता पत्रांऐवजी अर्ज संगणकावरून जातात, पण फसायच्या जागा आहेतच. तुम्ही पाहिलं असेल, शेवटची वेळ पुष्कळदा रात्री ११.५९ अशी देतात. बारा का नाही? कारण '३१ तारखेची मध्यरात्र' म्हटलं, की ३० संपून ३१ लागते ती, की ३१ संपते ती, यावर भांडण होऊ शकतं. ११.५९ ला भांडण नाही. रेल्वेनं जाणाऱ्यांनी तर हे फारच ध्यानात ठेवावं. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.२० असेल, तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्री जेवून निघायचं. पंधराच्या रात्री सामानसुमान घेऊन गेलेली माणसं माझ्या माहितीत आहेत. त्यांची गाडी आदल्या रात्री अगदी 'ऑन टाइम' गेलेली होती!

मध्यंतरी ताईच्या नातीनं अकरावीचा अर्ज असाच संगणकावरून भरला. "आजी, पाठवला गं!" ती आतून ओरडली. ताई भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "ते कळलं. पोचला का?" नातीनं पडद्यावरचा पोचेचा क्रमांक वाचून दाखवला. तेव्हा ताई म्हणाली, "वहीत लिहून ठेव तो," आणि पुढची जुडी हातात घेतली.