राजाला कुणी विचारलं होतं?

घरातल्या कुत्र्याला करमत नसेल तर त्याला जोडीदार आणावा, हा सल्ला आमच्या साताऱ्यात फुकट आणि मुबलक मिळतो. आमचा राजा, आठ वर्षांचा लॅब्रेडॉर, दुपारभर दाराकडे तोंड करून पडून राहायला लागला, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच सांगून गेला. मुलगा नोकरीला बंगळुरूला, हे बँकेत, मी शाळेत. घरात राजा आणि सासूबाई. "एकटा पडलाय हो बिचारा," म्हणत शेजारच्या काकू त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि तो तेवढ्यापुरती शेपटी आपटायचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र त्याला आधी टेबलावर घेतलं. मागचा एकेक पाय हळूहळू ताणून पाहिला. दुसऱ्या पायाला राजाने मान वळवून त्यांच्या हाताकडे बघितलं. गुरगुरला नाही, नुसतं बघितलं. "हा एकटा नाही पडलेला, ह्याचं दुखतंय," डॉक्टर म्हणाले. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला निघाला. लॅब्रेडॉरमध्ये हे दुखणं नेहमीचं आणि अंगावरचं जास्तीचं वजन ते आणखी वाढवतं. औषध सुरू झालं, सासूबाईंच्या हातची तुपाची पोळी बंद झाली, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या आल्या. वजन उतरलं तशी राजाची कळी खुलली. जोडीदार आणायचं कारणच उरलं नाही. आणि मग चिमी आली.

ती राजासाठी आली नाही, आमच्यासाठी आली. गावातली एक मुलगी जखमी कुत्री घरी ठेवून बरी करते. तिच्याकडे ही वर्षभराची, अंगावर वाघासारखे पट्टे असलेली गावठी कुत्री होती. मोटारसायकलच्या धडकेत पुढचा पाय मोडलेला, हाड जुळलं तरी लंगडणं राहिलेलं. कानाला नसबंदीची खाच. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. पण असा पाय घेऊन हायवेच्या कडेला तिचा निभाव लागणं कठीण होतं. ह्यांना ती बघताक्षणी आवडली, मलाही. सासूबाई म्हणाल्या, "एकाचं करताना नाकीनऊ येतात, दुसरं कशाला?" मग स्वतःच म्हणाल्या, "दत्तगुरूंच्या पायाशी चार असतात म्हणा."

राजाला ह्यात कुणी विचारलेलं नव्हतं. त्यामुळे त्याचं काही कमी होऊ नये ही जबाबदारी सर्वस्वी आमची, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. चिमीचा पहिला मुक्काम मागच्या खोलीत, दार बंद. डिस्टेंपर किंवा पार्व्होसारखा आजार अंगात शिरल्यावर लगेच दिसत नाही, त्यामुळे रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला दोन आठवडे तरी वेगळं ठेवायचं. त्या काळात लशी, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त. गोचीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेली की तापही बरोबर नेते. राजाच्या लशींची तारीखही आम्ही तपासून घेतली. मधल्या काळात दोघांची पांघरुणं अदलाबदल करत राहिलो. कुत्र्याची ओळख आधी नाकाने होते. चिमीची गोधडी राजाने पहिल्यांदा हुंगली तेव्हा त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. पुढे पुढे तो ती ओलांडून जायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता भेट घालू.

भेट घरात नको, हा त्यांचा आग्रह. घर राजाचं, तिथे दुसरा कुत्रा दिसला की तो घर राखणार. म्हणून आम्ही साताऱ्यातल्या 'चार भिंती' ह्या स्मारकाच्या बाजूचा मोकळा रस्ता निवडला, सकाळी, वर्दळ नसताना. ह्यांच्या हातात राजा, माझ्या हातात चिमी, मध्ये भरपूर अंतर, आणि दोघंही एकाच दिशेला चालत. समोरासमोर आणायचं नाही. कुत्र्यांच्या जगात सरळ अंगावर चालत येणं हा उर्मटपणा असतो. सभ्य कुत्रा वळसा घालून येतो आणि तोंड सोडून मागचा भाग हुंगतो. पट्टा सैल ठेवायचा, कारण आपण भीतीने पट्टा आवळला की ती भीती थेट कुत्र्याच्या गळ्यात जाते. अंतर रोज थोडं कमी करत गेलो. एक दिवस चिमीने वळसा घेतला, राजाच्या शेपटीशी नाक नेलं आणि लगेच बाजूला होऊन गवत हुंगू लागली. राजा जांभई देऊन पुढे चालू लागला.

ती जांभई झोपेची नव्हती. कुत्री तणाव निवळवायला जांभई देतात, नाक चाटतात, तोंड फिरवतात, उगाच जमीन हुंगतात. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी ह्या खुणांवर पुस्तक लिहिलं आहे. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ह्या भाषेत चिमी तरबेज निघाली आणि राजा कच्चा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला समोरच्याची मान, शेपूट, डोळा एका नजरेत वाचावा लागतो. न वाचता आलं तर चावा बसतो. राजा दीड-दोन महिन्यांचा असल्यापासून माणसांत वाढलेला, पक्का घरकोंबडा. त्याला माणसांचं सगळं कळायचं, कुत्र्यांचं बेताचंच. राजाने नुसतं तोंड फिरवलं तरी चिमी तीन पावलं मागे सरायची. चांगल्या जातीचा कुत्रा शहाणा आणि गावठी आडदांड, हा समज आमच्या घरात पार उलटा झाला.

घरी आणल्यावर खरी कसोटी खाण्यापिण्याची. पहिल्यापासून दोघांची ताटं वेगवेगळ्या खोल्यांत, मध्ये दार बंद. खाणं झाल्यावर ताटं उचलायची, हाडं आणि खेळणी कपाटात. तरीही एका संध्याकाळी सासूबाईंच्या हातून भाकरीचा तुकडा ओट्याखाली पडला. चिमी जवळ होती, राजा उंबऱ्यात. राजा धावला नाही; उलट जागच्या जागी थिजला. धापणारं तोंड घट्ट मिटलं, मान खाली गेली, शेपूट ताठ झाली आणि डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागलं. मग घशातून बारीक गुरगुर. चिमी तुकड्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून उभी. मी आवाज न चढवता राजाला अंगणात बोलावलं आणि ह्यांनी तुकडा उचलला.

शेजारच्या काका-काकूंनी हे ऐकून दोन सल्ले दिले. गुरगुरला की एक रट्टा द्या, हा पहिला. आमच्या डॉक्टरांनी तो साफ उडवून लावला. गुरगुर ही सूचना असते. मार खाऊन कुत्रा सूचना देणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. दुसरा सल्ला, बॉस कोण ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. ही बॉसची कल्पना बरीच जुनी आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेला अभ्यास १९४७ साली छापला गेला; डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने कळपाचा बॉस ह्या अर्थाचा 'अल्फा' हा शब्द घरोघरी नेला. पुढे रानातले लांडगे पाहिल्यावर डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. आमच्या घरात लढून ठरवण्यासारखं काही नव्हतंच. भाकरी कुणाला कधी मिळणार हे ठरवणारी माणसं घरात होती.

आणि ते काम सासूबाईंनी केलं. त्या खुर्चीत बसायच्या, दोघांना अंतरावर बसवायच्या. "राजा," म्हणायच्या आणि भाकरीचा कण राजालाच. "चिमी," म्हणायच्या आणि कण चिमीलाच. दुसऱ्याच्या नावावर पुढे आलेल्याला काही नाही, रागावणंही नाही. थोड्याच काळात दोघंही आपापल्या नावाची वाट बघत गप्प बसायला शिकले. प्रशिक्षक पैसे घेऊन नेमकं हेच शिकवतात. सासूबाईंनी ते नातवंडांच्या पंगती वाढून आत्मसात केलेलं होतं.

चिमीचं वय खेळण्याचं, राजाचे खुबे दुखरे. ती पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून खेळायला बोलवायची. तो सहन करायचा आणि मग उठून जायचा. म्हणून तिला खेळवून दमवायचं काम आम्ही आमच्याकडे घेतलं. राजासाठी दिवाणाखालची जागा राखीव केली. तिथे चिमीला मज्जाव. त्याचा संध्याकाळचा एकट्याचा फेरफटका आधी होता तसाच चालू राहिला, आणि माझ्या मते सगळं सुरळीत होण्यात ह्या फेरफटक्याचा वाटा सर्वांत मोठा. चिमी आल्याने त्याचं काहीच गेलं नाही, हे त्याला रोज कळत राहिलं.

आज त्यांच्यात जिगरी दोस्ती आहे का? नाही. ती एकमेकांच्या अंगावर डोकं ठेवून झोपत नाहीत. एका खोलीत निवांत पडतात, वाटेत आली तर एकमेकांना बाजू देतात, आणि गच्चीवर मांजर दिसलं की दोघांचं तात्काळ एकमत होतं. हेवेदावे नाहीत, भीती नाही. मला हे पुरेसं वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले तेव्हा प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली, आणि असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. अट दिल्लीपुरती असो वा नसो, घरात आणताना हीच खूणगाठ बांधावी. तुमच्या मनात दुसरा कुत्रा असेल तर जरूर आणा, गावठी आणा, मोठा झालेला आणा. पण स्वतःला हवा असेल तरच. पहिल्याचा एकटेपणा घालवायला आणणार असाल, तर आधी पहिल्याला डॉक्टरांकडे न्या आणि त्याच्यासाठी रोजचा अर्धा तास जास्त काढा. बहुतेक वेळा त्याला हवा असतो तो तुमचाच वेळ.