डोंगर उतरून आलेली

ती येते आषाढ-श्रावणात, आणि बहुतेकदा रात्री नाहीतर पहाटे. दूध घेऊन निघालेली पहिली मोटारसायकल खिंडीत पोहोचते तेव्हा ती रस्त्यावर आडवी पसरलेली असते. डोकं अजून डोंगराला टेकलेलं, पाय खालच्या दरीत. अंगभर तांबडी माती आणि मुरूम, मध्येच माणसाच्या उंचीचा काळा धोंडा. करवंदीची जाळी मुळं वर करून पडलेली, आणि तिच्या शेजारी हातभर हिरवळ मात्र जशीच्या तशी उभी, वर होती तशीच खाली आलेली. कडेने गढूळ पाण्याची धार वाहत असते. दूधवाला गाडी उभी करतो, पण आधी बघतो तो रस्त्याकडे नव्हे, वर डोंगराकडे. दरडीची ओळख असलेला माणूस असाच वागतो.

कामशेत हे इंद्रायणीकाठचं बाजाराचं गाव. मावळातल्या अनेक वाटा इथून फुटतात. एक रस्ता बेडशाच्या लेण्यांवरून पवनानगरला जातो, तिथून तिकोना आणि तुंग गाठता येतात, आणि दुधिवरे खिंड ओलांडली की लोहगडाच्या बाजूने लोणावळ्याकडे उतरता येतं. दुसरा रस्ता नाणे मावळात शिरतो आणि जांभिवलीला संपतो. पुढे कोंडेश्वराचं देऊळ आणि छातीत धडकी भरवणारी ढाक बहिरीची चढण. जवळच्या कान्हे फाट्यावरून टाकव्याला वळलं की आंदर मावळ सुरू होतो, तो थेट कुसूर घाटाच्या तोंडाशी जाऊन थांबतो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या भटक्यांना हे रस्ते म्हणजे ट्रेकच्या आधी गाडीत काढायचा तासभर वाटतो. इथल्या माणसाचं दूध, दवाखाना, शाळा, तालुक्याचं काम, सगळं याच रस्त्यावरून जातं. दरड बसते ती नेमकी इथे.

तिचं घराणं फार जुनं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला आणि थरावर थर साचून सह्याद्री उभा राहिला. भाकरीच्या चवडीसारखे हे थर आजही कड्यांवर मोजता येतात. पण सगळे थर एका गुणाचे नाहीत. काही घट्ट, काळ्या कातळाचे. त्यांचे सरळ कडे झाले आणि त्या कड्यांच्या भरवशावर किल्ले बांधले गेले. काही सच्छिद्र, लवकर झिजणारे. त्यांचा मुरूम झाला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. तो भिजला की फुगतो आणि निसरडा होतो. दरडीचा जन्म बहुधा अशाच कच्च्या जागी होतो. पाऊस भेगांतून आत जातो, खालच्या घट्ट कातळाशी अडतो, साचतो. माती जड होते आणि तिचे कण एकमेकांना धरून राहू शकत नाहीत. मग उतारावरचा तो सगळा भार कातळावरून खाली सुटतो.

या डोंगराची पारख माणसाला नव्हती असंही नाही. भाजे आणि बेडशाची लेणी कोरणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी बरोबर घट्ट थर निवडला. ते चैत्य, ते खांब अजून उभे आहेत. त्याच डोंगराच्या उतारावर मातीचा थर पावसाळ्यागणिक सुटत राहतो. एकाच डोंगराच्या पोटी दोन स्वभाव आहेत, आणि कुठे काय आहे हे ओळखूनच तिथे हात घालावा लागतो.

पाऊस हा तिचा खरा सोबती. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरकावं तसा तो झपाट्याने कमी होत जातो, पुण्यात तर सातशेच्या आसपास. कामशेत या उताराच्या मधोमध आहे. त्याच्या पश्चिमेचे डोंगर पावसाच्या तडाख्यात आणि पूर्वेची खाचरं त्याच्या मेहेरबानीवर. पहिल्या वळवाला दरड सहसा हलत नाही. ती वाट बघते. आठ-आठ दिवसांची झड लागते, डोंगर आतून भरतो, आणि मग एखाद्या रात्री ढगांचा जोर वाढला की ती निघते.

निघण्याआधी ती सांगते. हा तिचा गुण आहे, आणि तो माणसाने विसरू नये. उतारावर, जिथे कधी पाणी नव्हतं तिथे उपळ फुटतो. नितळ ओढा अचानक लाल होतो, नाहीतर भर पावसात त्याचं पाणी तुटतं. वरच्या पठारावर जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग पडते. सरळ वाढलेलं झाड एका बाजूला कलतं. रस्त्यावर सुपारीएवढे खडे टपटपू लागतात. गुरं राखणारा म्हातारा हे सगळं वाचतो. सकाळी किल्ल्याकडे निघालेल्या पोरांना तो हात करून थांबवतो.

“दादा, गाडी हितंच लावा. वर माती हलतीय.”

“पण मामा, रस्ता तर मोकळा दिसतोय.”

“आत्ता हाय मोकळा. मागारी येताना राहील का, त्याचा भरवसा न्हाई.”

या एवढ्या बोलण्यात मावळच्या कित्येक पिढ्यांचं शहाणपण आहे. ते ऐकून जो वळतो, तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ शकतो. किल्ला कुठे जात नाही.

ती आडवी आली की रस्त्याच्या दोन्ही टोकांना वेगवेगळं चित्र दिसतं. कामशेतच्या बाजूला शहरातल्या गाड्यांची रांग लागते. सुट्टी गेली म्हणून हळहळ, फोटो, आणि मागे वळण्याची धडपड. डोंगराच्या बाजूला दुधाची किटली माणसाच्या डोक्यावर चढते आणि तो चिखलातून ढिगाऱ्याच्या कडेने पलीकडे येतो. एसटी खालच्या गावातूनच परत फिरते. कॉलेजला निघालेल्या मुली चपला हातात घेऊन उभ्या राहतात. दिवस भरलेल्या बाईच्या घरात त्या रात्री कुणाला झोप लागत नाही. भात लावणीसाठी बोलावलेले मजूर पलीकडे अडकतात आणि खाचरातली रोपं वाट बघत राहतात. शहराचा एक रविवार जातो. गावाचा आठवडा जातो, आणि कधीतरी माणूसही.

मग पिवळा जेसीबी येतो. चालक तरुण असतो, हात सराईत. तो राडारोडा दरीच्या बाजूला लोटतो, धोंडा फोडावा लागला तर ब्रेकर लावतो. संध्याकाळपर्यंत एकेरी वाट मोकळी होते, लोक त्याला चहा देतात, आणि ते योग्यच आहे, कारण वर टांगलेल्या मातीखाली दिवसभर बसून त्याने जिवावरचं काम केलेलं असतं. पण इथेच आपली आणि दरडीची खरी चुकामूक होते. खाली येऊन बसलेला ढिगारा तिच्याच वरच्या उरलेल्या अंगाला टेकू देत असतो. तो टेकू काढला आणि वरचा उभा, उघडा उतार तसाच सोडला, की पुढच्या झडीत तिचा राहिलेला भाग त्याच जागी येतो. रस्ता मोकळा झाल्याची बातमी होते, आणि डोंगराकडे वर्षभर कुणी फिरकत नाही.

मुळात त्या जागी तिला बसायला आपणच जागा करून दिलेली असते. जुन्या पायवाटा डोंगराच्या दांडावरून जात, उताराचा पाय न तोडता. गाडीसाठी रस्ता रुंद करताना डोंगराच्या पायथ्याची माती उभी कापली गेली. आतल्या बाजूचं गटार एकतर बांधलं नाही, नाहीतर बुजलं. मोरी पानापाचोळ्याने तुंबली. वर पठारावर बंगल्यांसाठी सपाटी झाली, झाडं गेली, ओढ्याची दिशा बदलली. पाण्याने मग स्वतःची वाट शोधली, आणि ती दरडीतून गेली.

तिची रौद्र रूपंही याच सह्याद्रीने पाहिली आहेत. जुलै १९८९ मध्ये भाज्याच्या डोंगरावरून ती वस्तीवर आली आणि चाळिसेक माणसं गेली. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण तिच्याखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तिथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकाच्या. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, इर्शाळगडाच्या वाटेवरची ठाकरांची वस्ती. तिथवर गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर नेता येईनात, आणि मदतीला आलेले जवान व गिर्यारोहक पावसात चिखलातून चढून गेले, हाताने आणि फावड्याने माती उपसत राहिले. माळीणनंतर पुणे जिल्ह्यातल्या दरडप्रवण गावांची पाहणी झाली. त्या यादीत मावळातली लोहगड, तुंग, ताजे, बोरज, भुशी ही गावं आहेत. भटक्यांना यातली काही नावं पाठ असतात, पण ती किल्ल्यांची, धबधब्यांची म्हणून. त्याच नावांच्या गावांत जुलैच्या रात्री माणसं कान उघडे ठेवून झोपतात.

तिला आवर घालता येत नाही असं म्हणणाऱ्याने बोरघाटातली रेल्वे पाहावी. १८६३ मध्ये हा मार्ग सुरू झाला. दर पावसाळ्याआधी तिथे माणसं कड्यांवर चढतात, सुटे धोंडे शोधतात, आणि ते स्वतः पडण्याआधी पाडून टाकतात. पावसात रुळांवरून गस्त चालते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दगड वाहनांवर येऊन माणसं दगावली, तेव्हा कड्यांना पोलादी जाळ्या बसल्या. जुलै २०२३ मध्ये ती तिथेच पुन्हा उतरली, म्हणजे एकदा जाळी लावून विसरता येत नाही. दरवर्षी डोंगर वाचावा लागतो. पण निदान तिथे कुणीतरी डोंगराकडे बघतं. बेडसे-पवनानगरच्या रस्त्याला, जांभिवलीच्या रस्त्याला तेवढी नजर का मिळू नये?

लागणारं काम फार मोठं नाही, पण ते मे महिन्यात करावं लागतं. उतारावरचं पाणी दरडीच्या डोक्यापाशी पोहोचण्याआधीच बाजूला काढणारे चर. साफ केलेल्या मोऱ्या. उभ्या कापाला पायऱ्या, पायथ्याला पाणी झिरपू देणारी दगडाची भिंत. मोकळ्या मातीवर खोल मुळांची स्थानिक झाडं. आणि खिंडीतल्या गावातली दोन माणसं, ज्यांना उपळ, भेग आणि गढूळ ओढा कळतो, ज्यांचा एक फोन आला की रस्ता लगेच बंद करण्याचा अधिकार कुणाकडे तरी असेल. हे शहाणपण मावळात आहे. त्याला फक्त सरकारी वहीत जागा नाही.

लोहगडाचं नाव २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आता या रस्त्यांवर गर्दी वाढेल, आणि वाढावी. किल्ले पाहिलेच पाहिजेत. पण वारसा म्हणजे नुसती तटबंदी आणि बुरूज नव्हेत. ज्या उतारावर तो किल्ला उभा आहे, ज्या गावाच्या अंगणातून त्याची वाट जाते, ते सगळं त्या वारशात येतं. म्हणून किल्ल्याच्या डागडुजीला पैसे निघतील तेव्हा त्यातला वाटा त्याच्या पायथ्याच्या रस्त्याच्या डोंगराला मिळाला पाहिजे, आणि भटक्यांनी तो मागितला पाहिजे, कारण त्यांचा आवाज पुण्या-मुंबईत लवकर पोहोचतो. दरडीने रस्ता अडवला की आपण तिच्यावर चिडतो. चिडायचं तर आधीच्या मे महिन्यावर चिडावं, जेव्हा मोरी साफ झाली नाही आणि डोंगरावर कुणी चढलं नाही.