आमचे बाबा आणि मेरिलिन

कॉन्व्हेंटमध्ये कुणी विचारलं, 'डॅडी काय करतात?' की मी सांगायचो, 'बिझनेस.' खरं तर बाबा लग्नपत्रिका छापतात, स्क्रीन प्रिंटिंगवर. त्यांच्या नखांतली शाई जात नाही, म्हणून पेरेंट्स मीटिंगला आईनेच यावं असा माझा हट्ट असे.

परवा सबमिशन टाळत लायब्ररीत बसलो होतो, तर एका जाड पुस्तकात अँडी वॉरहॉलचं 'मेरिलिन डिप्टिक' सापडलं. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेली. त्याच वर्षी त्याने 'नायगारा' सिनेमाच्या प्रसिद्धीचा फोटो जाळीवर उतरवून तोच चेहरा ५० वेळा छापला. डावीकडचे २५ भडक रंगांत, उजवीकडचे काळे-पांढरे; कुठे शाईचा थर, तर टोकाला चेहरा जवळजवळ नाहीसाच. जाळी, शाई, रबराची पट्टी... अहो, हे तर आमच्या मागच्या खोलीतलं सामान!

सुट्टीत बाबांना झेरॉक्स दाखवली. चष्मा पुसत म्हणाले, "जाळी चोंदलीय. असा माल गिऱ्हाईक घेईल का?"

"बाबा, त्याने मुद्दाम तसंच ठेवलंय."

ते बराच वेळ उजव्या टोकाकडे बघत राहिले. "बाई गेली होती म्हणतोस ना? मग बरोबर आहे."

त्या रात्री आम्ही त्यांचाच पासपोर्ट फोटो जाळीवर घेतला. आधी ब्रशने गुलाबी, पिवळा रंग, वर काळी शाई. माझा हात हलला आणि ओठांचा रंग हनुवटीवर आला! बाबा म्हणाले, "फाडून टाक." मी तो गुंडाळून हॉस्टेलवर आणला. कॉटवर लावलाय. रूममेट विचारतो, "हा कुठला हिरो रे?"