अर्धी नदी

ऑक्टोबरात सुपीरियरच्या काठाकाठाने आरव्ही नेताना आई सारखी म्हणत होती, "तळं कसलं, समुद्रच की हा!" सकाळी गूसबेरीचे धबधबे झाले, दुपारी ब्रूल नदीवरचा डेव्हिल्स केटल. मिनेसोटातली ही नदी खडकावर दुभंगते. एक धार खाली कोसळते, दुसरी रांजणखळग्यात गडप. (आपल्या निघोजसारखा, पण बुडाचा पत्ता नाही.) लोकांनी म्हणे त्यात चेंडूही टाकून पाहिले. शेवटी २०१६मध्ये प्रवाह मोजला: धबधब्याच्या वर सेकंदाला १२३ घनफूट, खाली १२१. म्हणजे पाणी परत नदीलाच मिळतं.

बाबा गेल्यावर आईला इथेच ठेवून घ्यायचं माझ्या मनात होतं. परतीच्या जवळजवळ दोनशे पायऱ्या चढताना ती गुडघा धरून बसली. मी विचारणार, तोच म्हणाली, "तिकीट शनिवारचंच ना रे? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय बँकेत."