तळाचा ठाव

ओलावा मोजण्याच्या यंत्रावर उमटलेला 13.6 हा आकडा माझ्या मनातून अद्यापि गेलेला नाही. बाजाराने तळ गाठला की नाही अशी चर्चा कोठे निघाली, की प्रथम तोच डोळ्यांपुढे उभा राहतो.

2021 च्या श्रावणात लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन 10,000 रुपयांच्या घरात गेले, केंद्र सरकारने 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली, नवा माल उतरला आणि दसऱ्याच्या सुमारास भाव निम्म्यावर आला, हे आमच्या रेणापूर तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या पडझडीत मी माल राखला आणि उन्हाळ्याच्या तोंडी 7,000 च्या वर विकला. वास्तविक उसाचे बिल हाती होते म्हणून थांबता आले. परंतु मला तळ ओळखता येतो, अशी माझी खात्री झाली.

त्याच भरवशावर 2022 च्या 52 क्विंटलांची थप्पी मी ढाळजेत लावली. 5,500 ची मागणी आली तेव्हा याहून खाली काय जाणार असे म्हणालो, 5,000 लाही तेच म्हणालो. आणि 2023 मध्ये भाव 4,600 च्या हमीभावापाशी आला तेव्हा तर निःशंक झालो. विहिरीला जसा कातळ, तसा बाजाराला हमीभाव, अशी माझी समजूत होती. 2016 साली, लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले त्या उन्हाळ्यात, आमच्या विहिरीचा कातळ मी प्रत्यक्ष पाहिला होता. वडिलांच्या हातून निसटलेली पितळी कळशी चेपून त्यावर पडली होती. बाजारात मात्र असा कातळ लागला नाही. थप्पी अखेर 4,400 ने गेली. घट आणि हमाली वेगळी.

2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 ठरला, खाद्यतेलावरील आयातशुल्क सप्टेंबरात वाढले, आणि बाजार तरीही त्याच्या पुष्कळ खाली राहिला. सबब मी खरेदी केंद्राची वाट धरली. सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक असे सारे दप्तर रुजू केले, निरोपाची वाट पाहिली, भाड्याचा ट्रॅक्टर रांगेत लावला आणि दोन रात्री कट्ट्यांवरच काढल्या. तिसऱ्या दिवशी मूठभर दाणे यंत्रात पडले. मर्यादा 12 टक्के होती. “काका, वाळवून आणा,” एवढेच तो तरुण म्हणाला. त्याच्या स्वरात उर्मटपणा नव्हता, आणि त्यामुळेच भांडावे कोणाशी हे मला कळेना. वर आभाळ भरलेले, परतीचा पाऊस सोडीत नव्हता, ट्रॅक्टरवाल्याचे भाडे चढत होते, रब्बीचे बियाणे घ्यायचे होते. वाळवायचे कोठे, आणि तोवर खायचे काय? त्याच सायंकाळी तोच माल एका व्यापाऱ्याने 4,050 ने घेतला, ओलाव्यापोटी कटती कापून. नोव्हेंबराच्या मध्यास हुकूम निघाला की त्या हंगामापुरता 15 टक्क्यांपर्यंतचा माल घ्यावा. माझे दाणे त्या दिवशीही तेच होते. मर्यादा तेवढी बदलली, आणि ती बदलेतो माझी पट्टी खर्ची पडली होती. हा अन्याय कोणाच्या नावे मांडावा, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

पुण्याच्या माझ्या पुतण्याची कथा निराळी नाही. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 3,900 हून अधिक अंकांनी कोसळून 25,981 वर बंद झाला. नोकरी राहते की जाते या धास्तीने त्याने नेमके त्याच दिवशी सारे समभाग विकले. दहा महिन्यांत निर्देशांकाने 50,000 ची पातळी ओलांडली. तो दिवस तळाचा होता, हे त्याला मागाहून कळले. कळले असते तरी घराचा हप्ता थांबणार होता थोडाच!

म्हणून तरुणांना माझे सांगणे असे की, हंगामात गरजेपुरता माल आधी मोकळा करावा, देणी भागवावीत, आणि उरलेल्यावरच थांबण्याची हिंमत धरावी. ज्याच्या दारी लग्न, दवाखाना किंवा सावकार उभा आहे त्याने तळाची वाट पाहू नये.

हे मी मनापासून सांगतो. तरी यंदाचे 18 कट्टे ढाळजेत आहेत, आणि परवा आडत्याचा निरोप आला तेव्हा, “विकायचे का?” या घरातल्या प्रश्नाला, “याहून खाली आता काय जाणार,” असेच उत्तर माझ्या तोंडून गेले.