फ्रीजचं रबर आणि आईचं इन्सुलिन

आज शेतातलं नाही, घरातलं सांगतो.

इन्सुलिन वेळेवर, जेवण तेच, तरी आईची साखर वाढत चाललेली. फ्रीज उघडला तर बाटली फ्रीजरखालच्या बर्फाला टेकलेली. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरता येत नाही. डॉक्टरांना विचारून नवी बाटली आणली.

मग फ्रीज बंद करून प्लग काढला. बर्फ सुरीनं खरवडला नाही, आपोआप वितळू दिला. दारात नोट धरून ओढली, अलगद निघाली. म्हणजे रबर सैल! तिथूनच दमट हवा आत शिरून बर्फ साचत होता. रबर बदललं. मागच्या जाळीवर मळणीचा भुसा बसलेला, तोही ब्रशनं झाडला.

आता बाटली मधल्या कप्प्यात डब्यात असते, शेजारी थर्मामीटर.

फवारणी पंपाची जाळी न चुकता धुणारा मी, फ्रीजकडे चार वर्षं बघितलं नव्हतं. जनावरांची लाळ्या-खुरकूतची लस फ्रीजमध्ये ठेवत असाल, तर तिलाही हेच २ ते ८ अंश लागतात. आज नोट लावून बघाच.